वैमानिक व्हायचंय? आधी डोळे तपासा!

बालमित्रांनो, ओझरला बनलेली सुखोई विमानं डोक्यावरून घोंघावत गेली की वाटतं ना, आपणही वैमानिक व्हावं? मग ऐका. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. विमान कंपनी कॅडेट निवडताना गणित, इंग्रजी, हाताडोळ्यांचा मेळ तपासते. मग मुलाखत घेते. ताशी ७२० किलोमीटर वेगाने ५ मिनिटांत किती अंतर? तोंडी सांगा बरं! साठ? शाब्बास!

चष्मा चालतो, पण रंग नीट ओळखता यायला हवेत. पालकहो, प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात. म्हणून कर्ज काढण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या.

आणि मुलींनो, १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी कलकत्त्याहून सिलचरला विमान नेलं, तेव्हा सहवैमानिकही स्त्रीच होती. लागा तयारीला!