वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा: सोशल एंटरप्राइज म्हणजे नक्की काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. "अरे, तुझ्या बहिणीचं बीबीए झालं. आता म्हणते, सोशल एंटरप्राइजमध्ये मास्टर्स करायचं. समाजसेवा शिकायला कर्ज काढायचं होय? तू इंजिनिअर आहेस, समजाव जरा तिला." मी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आधी मलाच समजून घ्यायला हवं. आजचा भाग म्हणजे त्या दोघांना दिलेलं उत्तर.

सोप्या भाषेत सांगतो. साधा धंदा नफ्यासाठी चालतो, संस्था देणगीवर चालते. सोशल एंटरप्राइज म्हणजे एखादा सामाजिक प्रश्न सोडवायचा, पण त्याचा खर्च शक्यतो विक्रीतूनच भागवायचा. ऐकायला छान वाटतं. अडचण कुठे येते, ते एका उदाहरणातून बघू.

2007 साल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक कोर्स होता, अगदी गरिबांना परवडेल अशी वस्तू डिझाइन करण्याचा. त्यात एमबीए करणारी जेन चेन आणि लायनस लियांग, राहुल पणिक्कर, नागानंद मूर्ती हे इंजिनिअरिंगकडचे विद्यार्थी एका टीममध्ये आले. काम काय, तर स्वस्त इन्क्युबेटर बनवायचा. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी आपण पाहिलेली असते. ती तेव्हा 20 हजार डॉलरपर्यंत जायची.

आपल्यासारख्या इंजिनिअरने काय केलं असतं? पेटी उघडून एकेक पार्ट स्वस्त करत बसलो असतो. पण लायनस नेपाळला गेला आणि काठमांडूच्या हॉस्पिटलमध्ये त्याला देणगीत आलेले इन्क्युबेटर रिकामे दिसले. बाळं खेड्यात जन्मत होती आणि हॉस्पिटलपर्यंत पोचतच नव्हती. म्हणजे नुसती पेटी स्वस्त करून भागणार नव्हतं. ऊबच बाळापर्यंत न्यायला हवी होती.

मग त्यांनी बाळाला गुंडाळायची छोटी स्लीपिंग बॅग केली, नाव एम्ब्रेस. तिच्यात मेणासारख्या पदार्थाचा पाऊच. तो गरम करून वितळवायचा. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत ग्लासातलं पाणी कसं गारच राहतं? तसंच, पण उलटं. हा पदार्थ हळूहळू घट्ट होताना काही तास तापमान 37 अंशांच्या आसपास धरून ठेवतो. तेवढा वेळ विजेची गरज नाही.

पुढचा किस्सा आपल्या महाराष्ट्रातल्या एका खेड्यातला. तिथल्या आयांना सुरुवातीचं मॉडेल दाखवलं, त्यावर तापमानाचे आकडे होते. एक आई म्हणाली, पाश्चात्त्य औषधं कडक असतात, डॉक्टरांनी चमचाभर सांगितलं तर आम्ही अर्धाच देतो. त्यामुळे 37 सांगितलं तर मी 30 वरच ठेवीन. टीमने आकडे काढून टाकले आणि फक्त 'ठीक आहे' किंवा 'ठीक नाही' एवढंच दाखवायचं ठरवलं.

हे वाचताना मला माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट आठवला. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर आणि त्याचं ॲप. मोठ्या हौसेने मामांच्याच शेतात लावला. दुपारी दोनला अलर्ट: 'आता पाणी द्या.' मामा हसले. "बाबा, पाणी कधी द्यायचं हे माती नाही, लाईट ठरवते. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे." प्रोजेक्टला मार्क चांगले मिळाले, सेन्सर मात्र गोठ्यातल्या फळीवर गेला. मी आधी फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता.

आता पैशाचं बघू. एम्ब्रेस वापरणार आई आणि बाळ, पण विकत घेणार हॉस्पिटल, सरकार किंवा एखादी संस्था. साध्या धंद्यात गिऱ्हाईक खूश झालं की पैसे येतात. इथे आई खूश असूनही ऑर्डर अडकू शकते. वर्गातला प्रोजेक्ट 2007 चा, भारतात विक्री सुरू व्हायला 2011 उजाडलं. त्यासाठी टीम बेंगळुरूला येऊन राहिली. पुढे 2012 मध्ये त्यांनी कामाचे दोन भाग केले: देणगीवर चालणारी संस्था वेगळी आणि गुंतवणूक घेऊ शकणारी कंपनी वेगळी.

आपल्याकडेही हा निर्णय घ्यावा लागतोच. कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खाली कंपनी काढली तर नफा कमावता येतो, पण तो कामातच घालावा लागतो, लाभांश वाटता येत नाही. त्यामुळे परताव्याच्या आशेने येणारा गुंतवणूकदार तिथे येत नाही. साधी प्रायव्हेट लिमिटेड काढली तर तो येतो, पण मग तो नफ्याचा हिशेबही मागतो.

तर मामा, ही नुसती समाजसेवा नाही. इथे धंद्याचं सगळं गणित लागतं, वर आणखी एक अवघड प्रश्न सोडवावा लागतो. हे शिकवणाऱ्या जागाही आहेत. मुंबईच्या टिसमध्ये 2007 पासून सोशल आंत्रप्रनरशिपचा एमए आहे. वर्गीस कुरियन यांनी 1979 मध्ये आणंदला इर्मा सुरू केली, ती ग्रामीण व्यवस्थापनासाठीच.

आणि बहिणाबाई, तुझ्यासाठी: कर्जाचा हप्ता पुढे भरावाच लागतो आणि या क्षेत्रातले सुरुवातीचे पगार आयटीसारखे नसतात. म्हणून आधी कुठेतरी काम करून बघ. वस्तू कोण वापरतं, पैसे कोण देतं आणि ते दोघं एकमेकांना कधी भेटतात का, एवढं तिथे शोध.

तिला हे सगळं सांगितलं. सध्या असं ठरलंय, की तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत सहा महिने काम करायचं, मग कर्जाचं बघायचं. मामा पूर्ण राजी नाहीत, पण "बघू" म्हणालेत. आणि तिचा मला लगेच मेसेज आला: "दादा, तो सेन्सर अजून गोठ्यातच आहे. घेऊ का?"

घे म्हटलं. पण आधी लाईटचं वेळापत्रक बघ.

भेटू पुढच्या भागात!