मंगळावरच्या आज्ञावलीची दुरुस्ती

४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कारण पाहू या. शाळेत प्रयोगशाळेची किल्ली एकच असावी, तसे एक साधन त्यातली अनेक कामे आळीपाळीने वापरत. हवामान नोंदवणाऱ्या दुय्यम कामाकडे ही ‘किल्ली’ असताना मधल्या दर्जाची कामे त्याला अडवत. मग किल्लीसाठी अत्यंत तातडीचे कामही खोळंबे आणि संगणक स्वतःलाच पुन्हा सुरू करी. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच संगणकावर हा दोष घडवून पाहिला. आम्हाला हेच सर्वांत चिकाटीचे काम वाटते. किल्लीधारकाला तात्पुरता वरचा दर्जा देण्याची सोय आज्ञावलीत होतीच, पण बंद! छोटा बदल पाठवून ती चालू करता आली.