माइलांची खतावणी

अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतर खाडीच्या मुखाशी रेवस बंदर वसले आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तास-दीड तासात येथे पोचते आणि खाडीपलीकडे करंजा दिसू लागतो. या जलमार्गाच्या इतिहासात एक काळा दिवस आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या काळी प्रवाशाची अपेक्षा एकच असे : सुखरूप पोचावे. आरामाचा विचार पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आला.

आज या किनाऱ्यावरील व्यापारी घराण्यांची मुले न्यू जर्सी, लीस्टर, अँटवर्प, सिंगापूर अशा गावी स्थिरावली आहेत. न्यू जर्सीत १९८३ साली सिद्धाचलम् उभे राहिले, लीस्टरच्या जैन केंद्रात १९८८ साली प्रतिष्ठा झाली, अँटवर्पजवळ विल्रेक येथे देरासर आहे. वडीलधाऱ्यांना वर्षा-दोन वर्षांनी तिकडे जावे लागते : कधी नातवंडासाठी, कधी प्रसंगासाठी, कधी सुनेच्या बाळंतपणासाठी. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि रेवस-करंजाच्या या टापूला विमानतळ शेजारी आला. मात्र विमानतळ जवळ आला तरी सत्तरीच्या गुडघ्यांना पंधरा तासांची बैठक जवळची होत नाही. म्हणूनच क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर बिझनेस क्लासचे तिकीट हा विषय आता घराघरांत निघतो. तो हौसेचा आहे तितकाच हिशेबाचाही आहे.

या व्यवस्थेचा उगम अमेरिकेत आहे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांसाठी माइल जमा करण्याची योजना काढली आणि पाहता पाहता जगभरच्या कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना आता ‘महाराजा क्लब’ या नावाने चालते. ११ जुलै २०१४ पासून एअर इंडिया स्टार अलायन्स या संघात आहे. त्यामुळे तिचे पॉइंट लुफ्थान्सा, स्विस, सिंगापूर एअरलाइन्स अशा सहयोगी कंपन्यांच्या विमानांतही वापरता येतात. दुसरीकडे ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज आणि फिनएअर यांचे चलन एकच आहे, ते म्हणजे ‘एव्हिऑस’. पूर्वी माइल प्रवासातून जमत. आता त्यांचा मोठा भाग बँकेच्या कार्डावरील खर्चातून जमतो. येथेच व्यापाऱ्याचा संबंध येतो, कारण खर्चाची उलाढाल त्याच्याकडे आहे.

व्यापारी दृष्टी काय करू शकते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९९ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स या अभियंत्याने एका खाद्यकंपनीची सवलत बारकाईने वाचली. वेष्टनावरील पट्ट्या पाठवल्या की माइल मिळत आणि कंपनीच्या मालात पुडिंगचे छोटे डबे सर्वांत स्वस्त होते. त्याने सुमारे १२,००० डबे ३,१४० डॉलरला घेतले, ते एका सेवाभावी संस्थेला दिले, संस्थेच्या स्वयंसेवकांनी पट्ट्या सोलून दिल्या आणि त्याच्या खाती साडेबारा लाखांच्या आसपास माइल जमा झाले. त्याने केले ते एवढेच : अटी नीट वाचल्या, खर्च आधी मांडला आणि मिळकत नंतर मोजली.

हाच क्रम घरात पाळला जात नाही, तेथे तोटा होतो. समजा, बिझनेस क्लासचे एका बाजूचे तिकीट २,००,००० रुपयांचे आहे आणि तेच ८०,००० पॉइंट अधिक २०,००० रुपये कर भरून मिळते. वाचले १,८०,००० रुपये. म्हणजे एका पॉइंटला सव्वादोन रुपये भाव मिळाला, असे सांगितले जाते. पण पॉइंट नसते तर त्या घराने दोन लाखांचे तिकीट काढले असते काय? बहुधा ६०,००० रुपयांचे इकॉनॉमीचे काढले असते. मग खिशातून प्रत्यक्ष वाचले ४०,००० रुपये आणि एका पॉइंटला पन्नास पैसे पडले. उरलेले मोल आरामाचे आहे. ते खोटे नव्हे, पण त्याला नफा म्हणू नये. ज्या मालाला गिऱ्हाईकच नव्हते, त्याच्या छापील किमतीवर कोणी नफा मांडत नाही.

दुसरी गोष्ट व्याजाची. कार्डाची थकबाकी राहिली तर महिना साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज चढते. म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक. एका महिन्याची चूक वर्षभराचे पॉइंट गिळून टाकते. शिवाय भाडे, वॉलेट, इंधन, सरकारी भरणा अशा खर्चांवर अनेक बँकांनी पॉइंट बंद केले आहेत किंवा त्यांवर मर्यादा घातली आहे. तेव्हा पॉइंटांसाठी खर्च वाढवू नये. जो खर्च होणारच आहे, तोच कार्डावर टाकावा आणि मुदतीत पुरता फेडावा.

तिसरी गोष्ट साठ्याची. सोने पडून राहिले तर वाढते. पॉइंट पडून राहिले तर झिजतात. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल तीन वर्षांत संपतात. याहून मोठी झीज नियम बदलल्याने होते. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे पॉइंट पूर्वी पाचास चार या प्रमाणात विमान कंपन्यांकडे वळवता येत. १ सप्टेंबर २०२३ पासून ते प्रमाण सर्वसाधारण कार्डधारकांसाठी पाचास दोन झाले. ज्याच्याकडे एक लाख पॉइंट होते, त्याचे ८०,००० माइल एका तारखेला ४०,००० झाले. बहुतेक योजनांच्या अटींत पॉइंट ही ग्राहकाची मालमत्ता नाही असे लिहिलेले असते. परिग्रहाला मर्यादा घालण्याची शिकवण ज्या घरांत आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको : एका-दोन प्रवासांपुरते जमवावे आणि वापरून मोकळे व्हावे.

आता विमानांकडे वळू. मुंबई-लंडन हा वडीलधाऱ्यांसाठी सर्वांत सोपा मार्ग आहे. एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक या तिघांचीही थेट सेवा आहे. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारा पलंग ब्रिटिश एअरवेजने २००० साली प्रथम आणला आणि २०१९ पासून तिच्या नव्या आसनांना दारही आहे. दिवसा निघणाऱ्या विमानाचा आणखी एक लाभ आपल्या घरांना कळेल. ते सूर्याबरोबर पश्चिमेस जाते, त्यामुळे दिवस लांबतो आणि चौविहार पाळणाऱ्याला उजेडात भोजन आटोपता येते. येताना उलटे घडते. पूर्वेकडे येणाऱ्या विमानात रात्र लवकर गाठते. अमेरिकेला थेट जाणारी विमाने बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात आणि बहुतांश प्रवास अंधारात होतो. घरून दिवस असतानाच जेवून निघावे, रात्रभर सपाट झोपावे आणि तेथे उतरल्यावर नवकारशी करावी, असा क्रम त्या विमानाला जुळतो. अशा वेळी पलंगाचेच पैसे वसूल होतात, ताटाचे नव्हे.

कुटुंब मोठे असेल तर कतार एअरवेजची ‘क्यूसुइट’ ही २०१७ साली आलेली रचना आवडीची ठरते. मधल्या चार आसनांमधील पडदे सरकवले की चौघांची खोली होते आणि आजी-आजोबा नातवंडांसह एकत्र बसून जेवू शकतात. मात्र ती प्रत्येक विमानात नसते. आरक्षणापूर्वी विमानाचा प्रकार पाहावा. अँटवर्पला जाणाऱ्यांना स्विसने झुरिकमार्गे किंवा लुफ्थान्साने जर्मनीमार्गे ब्रुसेल्स गाठता येते आणि या दोन्हींसाठी एअर इंडियाचे पॉइंट चालतात.

जैन भोजनाचा विमान कंपन्यांचा संकेत ‘व्हीजेएमएल’ असा आहे. त्यात कांदा, लसूण, बटाटा आदी कंदमुळे नसतात. साध्या शाकाहारी ताटाचा संकेत वेगळा असल्याने ‘व्हेज’ एवढे सांगून भागत नाही. तिकीट एका कंपनीच्या पॉइंटांवर आणि विमान दुसरीचे असेल, तर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीकडे निदान दोन दिवस आधी नोंद पोचली आहे याची खात्री करावी. व्हीलचेअरची सेवा मात्र कोणत्याही वर्गाच्या प्रवाशाला मिळते; तिच्यासाठी बिझनेस क्लासची गरज नाही.

आरक्षणाचा क्रमही महत्त्वाचा आहे. पॉइंटांवरच्या जागा मोजक्या असतात. त्या साधारण अकरा महिने आधी खुल्या होतात आणि काही अगदी शेवटच्या दिवसांत. आधी जागा आहे हे पाहावे, कर किती ते पाहावे, मगच बँकेचे पॉइंट वळवावेत. एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. दुसऱ्याचे पॉइंट विकत घेऊन स्वस्तात तिकीट देणारे दलालही बाजारात असतात. योजनांच्या अटींना ते मान्य नाही. असे तिकीट उघडकीस आले तर रद्द होते आणि म्हातारी माणसे परक्या विमानतळावर अडकतात.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे : हे पॉइंट कोणाचे? पेढीचा माल, पेढीचा पैसा. पण कार्ड एका भावाच्या नावावर आणि माइल त्याच्याच खाती. दुसरा भाऊ दुकानात बसून गल्ला सांभाळतो, तिसऱ्याची बायको वर्षभर सासूची औषधे बघते आणि एका कुटुंबाची युरोपवारी बिझनेस क्लासने होते. कोणी बोलत नाही, पण दिवाळीच्या पूजनाला ते मनात असते. विभक्त होण्याची सुरुवात पुष्कळदा जमिनीवरून होत नाही, अशा न लिहिलेल्या जमेवरून होते. उपाय पेढीलाच माहीत आहे. खतावणीत एक खाते उघडावे, पेढीच्या खर्चातून आलेले पॉइंट तेथे जमा दाखवावेत आणि वापर सर्वांच्या संमतीने व्हावा. सिंगापूर एअरलाइन्ससारख्या योजनांत खातेदार पाच जणांची नावे नोंदवून त्यांच्यासाठी तिकीट काढू शकतो. तेव्हा खाते एकाचे असले तरी प्रवास दुसऱ्याचा होऊ शकतो.

जागा दोनच मिळणार असतील तर त्या कोणाच्या, हे ठरवण्यास मग चर्चेची गरज पडत नाही. चाळिशीतल्या मुलाचे पाय मागच्या आसनात दुखले तर दुसऱ्या दिवशी बरे होतात. आई-वडिलांचे तसे नसते, आणि त्यांच्या प्रवासांची संख्या पॉइंटांहून लवकर संपणारी असते.