बंगळुरूची विरळ हवा आणि सुपरचार्जरची निवड

बसवनगुडी, बंगळुरू – समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात पेट्रोल इंजिनाला मिळणारी हवा किनारपट्टीच्या तुलनेत सुमारे दहा टक्के विरळ असते. त्यामुळे कागदावर 401 अश्वशक्तीची असलेली मोटार येथे प्रत्यक्षात 360 अश्वशक्तीच्या आसपासच काम करते. ही उणीव भरून काढण्याचा आणि त्याही पलीकडे जाण्याचा एक जुना मार्ग म्हणजे सुपरचार्जर. मात्र कोणत्या प्रकारचा सुपरचार्जर निवडावा, या प्रश्नाचे उत्तर केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावर अवलंबून नाही. शहराची उंची, पेट्रोलची प्रत, रहदारी आणि देशाचा कायदा या चारही बाबी त्यात निर्णायक ठरतात.

मसल कार भारतात

मध्यम आकाराच्या अमेरिकन मोटारीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवण्याची प्रथा 1960 च्या दशकात रूढ झाली आणि अशा गाड्यांना 'मसल कार' हे नाव मिळाले. भारतात या परंपरेतील सर्वांत परिचित मोटार म्हणजे फोर्ड मस्टँग. जुलै 2016 मध्ये ती येथे अधिकृतपणे दाखल झाली, तेव्हा दिल्लीतील तिची शोरूम किंमत सुमारे 65 लाख रुपये होती. पाच लिटरचे व्ही-8 इंजिन, 401 अश्वशक्ती आणि 515 न्यूटन मीटर टॉर्क ही तिची वैशिष्ट्ये होती. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. विकल्या गेलेल्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या इंजिनावर सुपरचार्जर चढवण्याचे संच परदेशात सहज उपलब्ध आहेत.

सुपरचार्जर म्हणजे काय?

इंजिनाची शक्ती त्यात जळणाऱ्या इंधनावर आणि इंधनाचे ज्वलन उपलब्ध हवेवर अवलंबून असते. साधे इंजिन वातावरणाच्या दाबाने आत येईल तेवढीच हवा घेते. सुपरचार्जर हा हवा दाबून आत ढकलणारा पंप आहे. तो इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरवला जातो. टर्बोचार्जर हेच काम धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर करतो. सुपरचार्जरला ती वाट पाहावी लागत नाही, पण त्याच्या मोबदल्यात तो इंजिनाचीच काही शक्ती खर्च करतो. अमेरिकेतील डॉज चॅलेंजर हेलकॅट या 707 अश्वशक्तीच्या मोटारीत पूर्ण वेगाला केवळ सुपरचार्जर फिरवण्यासाठी सुमारे 80 अश्वशक्ती लागत असे.

बंगळुरूला हे तंत्र नवीन नाही. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने येथे विमान कारखाना उभारला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो अमेरिकन वायुसेनेच्या ताब्यात होता आणि तेथे विमानांची व इंजिनांची मोठ्या प्रमाणावर दुरुस्ती होत असे. डकोटा विमानाच्या 'ट्विन वास्प' इंजिनात सुपरचार्जर असे. उंचावरील विरळ हवेतही इंजिनाचा दम टिकवणे, हेच त्याचे काम होते. आजच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा प्रारंभ याच कारखान्यातून झाला.

तीन प्रकार, तीन स्वभाव

पहिला प्रकार रूट्स. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील रूट्स बंधूंनी 1860 मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले. दोन पाकळीदार दंड एकमेकांत फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा पुढे ढकलतात. हवा यंत्राच्या आत दाबली जात नाही. ती पुढच्या नळीत साचून दाबली जाते. त्यामुळे जुन्या रूट्समध्ये हवा फार तापत असे. ईटन कंपनीने पाकळ्यांची संख्या चार करून आणि त्यांना 160 अंशांचा पीळ देऊन हा दोष पुष्कळ कमी केला. या मालिकेचे नाव 'टीव्हीएस', म्हणजे 'ट्विन व्हॉर्टिसेस सिरीज'. चेन्नईच्या परिचित उद्योगसमूहाशी त्याचा संबंध नाही. 2020 च्या शेल्बी जीटी-500 या मस्टँगमध्ये याच जातीचा 2.65 लिटरचा सुपरचार्जर असून तिची शक्ती 760 अश्वशक्ती आहे. महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही रूट्स अनेक वर्षे धावत आहे. पुण्याजवळ जुळवल्या गेलेल्या मर्सिडीज सी-200 गाड्यांच्या पाठीवर 'कॉम्प्रेसर' हा शब्द दिसे. तो याच यंत्राचा निर्देश होता.

दुसरा प्रकार ट्विन-स्क्रू. स्वीडिश अभियंता आल्फ लिशोल्म यांनी 1930 च्या दशकात तो विकसित केला. यातील दोन मळसूत्री दंड हवेला यंत्राच्या आतच दाबतात, म्हणून दाब वाढला तरी कार्यक्षमता चांगली राहते. उपरोक्त हेलकॅटमध्ये 2.4 लिटरचा ट्विन-स्क्रू होता. मात्र दाबाची गरज नसतानाही आतले दाबण्याचे काम काही अंशी चालूच राहते आणि दंडांची घडण अत्यंत काटेकोर असल्याने किंमतही वाढते.

तिसरा प्रकार सेंट्रिफ्युगल, म्हणजे केंद्रोत्सारी. पंख्यासारखे चक्र मिनिटाला 40 हजारांहून अधिक फेऱ्यांनी फिरून हवा बाहेरच्या दिशेने फेकते. येथे दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 6,500 फेऱ्यांना 0.5 बार जादा दाब देणारा संच 3,250 फेऱ्यांना केवळ 0.12 बारच्या आसपास दाब देतो. पहिल्या दोन प्रकारांत मात्र कमी फेऱ्यांनाही जवळजवळ पूर्ण दाब उपलब्ध असतो.

तापमानाचे गणित

हवा दाबली की तापते. 27 अंश तापमानाची हवा दीडपट दाबापर्यंत नेल्यास आदर्श स्थितीतही तिचे तापमान सुमारे 37 अंशांनी वाढते. यंत्राची कार्यक्षमता 75 टक्के असल्यास ही वाढ 49 अंश, तर 50 टक्के असल्यास 74 अंश होते. गरम हवा पुन्हा विरळ होते. शिवाय ठिणगी पडल्यानंतर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेण्याचा, म्हणजे 'नॉकिंग'चा धोका वाढतो. यात पिस्टन फुटू शकतो.

भारतात विकल्या गेलेल्या मस्टँगच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर मुळातच 11 ला 1 आहे. त्यामुळे जादा दाब मर्यादित ठेवणे आणि उच्च ऑक्टेनचे पेट्रोल वापरणे अपरिहार्य ठरते. इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये देशात 100 ऑक्टेनचे पेट्रोल आणले, परंतु ते प्रत्येक पंपावर मिळत नाही. 2025 पासून सर्वत्र रूढ झालेल्या 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये नॉकिंगला विरोध करण्याचा गुण आहे, पण इथेनॉलची ऊर्जा कमी असल्याने तेवढ्याच कामासाठी अधिक इंधन फवारावे लागते. इंजेक्टर आणि इंधनपंप यांची क्षमता त्यानुसार तपासावी लागते.

घाट उतरताना

बंगळुरूतील मोटारमालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब उंचीशी निगडित आहे. सुपरचार्जर ठरावीक दाब देत नाही. तो बाहेरच्या दाबाला एका गुणोत्तराने वाढवतो. गुणोत्तर दीडपट असल्यास बसवनगुडीत 0.91 बारचे सुमारे 1.37 बार होतात. हीच गाडी शिराडी घाट उतरून मंगळुरूला किंवा पुढे गोव्याला गेली, की 1.01 बारचे 1.52 बार होतात. म्हणजे इंजिनात शिरणारी हवा सुमारे 11 टक्क्यांनी वाढते आणि तीही किनाऱ्याच्या उष्म्यात.

येथील कार्यशाळेत निर्धोक ठरलेली जुळणी तेथे धोकादायक ठरू शकते, ती या कारणाने. दाब वाढवण्यासाठी येथे लहान पुली बसवली असेल, तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून इंजिनाच्या संगणकाची जुळणी समुद्रसपाटीचा दाब आणि उन्हाळ्याचे तापमान गृहीत धरूनच करून घेणे आवश्यक आहे. याउलट, केवळ उंचीमुळे गमावलेली शक्ती परत मिळवायची असेल तर जेमतेम 0.1 बार जादा दाब पुरेसा आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

कोणता प्रकार कोणासाठी?

गांधी बाजार आणि बुल टेंपल रस्त्याच्या रहदारीत इंजिन बहुतांश वेळ दोन हजार फेऱ्यांच्या खाली असते. अशा वेळी केंद्रोत्सारी सुपरचार्जर जवळजवळ निष्क्रिय असतो आणि गाडी मूळ स्वभावानुसार चालते. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू असलेली गाडी पेडल जरा दाबताच उसळी घेते. हा आनंद आहे, तसाच ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरण्याचा धोकाही आहे.

हे दोन्ही प्रकार इंजिनाच्या दोन रांगांमधील खोबणीत बसतात आणि त्यांची हवा थंड करण्यासाठी बहुधा पाण्याचा इंटरकूलर असतो. रांगणाऱ्या रहदारीत इंजिनाची उष्णता त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि पाणी थंड होण्यास वेळ लागतो. केंद्रोत्सारी यंत्र इंजिनाच्या पुढच्या बाजूला, काहीसे अल्टरनेटरप्रमाणे बसते. ते बसवणे आणि काढणे तुलनेने सोपे असते. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतपट्टीसारख्या ठिकाणी, जेथे इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर असते, तेथे त्याचा स्वभाव अधिक अनुकूल ठरतो.

बुल टेंपल रस्त्यावरच 1946 मध्ये स्थापन झालेले बी.एम.एस. अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांतील विद्यार्थी ज्या फॉर्म्युला स्पर्धांसाठी गाड्या घडवतात, त्यांच्या नियमांनी पेट्रोल इंजिनाची सर्व हवा 20 मिलिमीटरच्या एकाच छिद्रातून घेण्याचे बंधन घातले आहे. सुपरचार्जरला परवानगी असली तरी तो त्या छिद्रानंतरच बसवावा लागतो. पंप कितीही मोठा असला तरी वाट अरुंद असेल तर लाभ मर्यादित राहतो, हा धडा मोठ्या इंजिनालाही लागू आहे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने मूळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच अर्थाला दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ अन्वये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारला जाण्याचे कारण ठरू शकतो.

त्यामुळे कारखान्यातूनच सुपरचार्जर घेऊन आलेली गाडी आणि नंतर संच बसवलेली गाडी यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पहिलीच्या मान्यतेत सुपरचार्जरचा समावेश असतो. दुसरी केवळ बंदिस्त शर्यतपट्टीवरच निर्धास्तपणे चालवता येते. आणि शर्यतपट्टी हेच गाडीचे ठिकाण असेल, तर निवडीचा प्रश्नही पुष्कळ सोपा होतो: चढ्या फेऱ्यांसाठी केंद्रोत्सारी, वळणातून बाहेर पडताना तात्काळ जोर हवा असल्यास रूट्स किंवा ट्विन-स्क्रू. जुळणी मात्र दोन्ही बाबतींत समुद्रसपाटीच्या हवेसाठी केलेली असावी.