शाल-श्रीफळाच्या पलीकडे : गाव जोडणाऱ्या स्वयंसेवकांचा सन्मान कसा करावा?

५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९८५ साली तो जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी, ६ डिसेंबरला, महामानवाला अभिवादन करण्यासाठी चैत्यभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो. तिथे रांगा लावणारे, पाणी देणारे, अन्नदान करणारे, हरवलेल्या लेकराला आईबापापर्यंत पोहोचवणारे समता सैनिक दलाचे सैनिक आणि गावोगावचे कार्यकर्ते रात्रंदिवस राबतात. त्यातल्या बहुतेकांचे नाव कुठल्याही बातमीत येत नाही.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातही अशी सेवा दरवर्षी दिसते. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे ओळखले जाते. विवेकानंद जयंती उत्सवाच्या शेवटी शेतात पंगत बसते आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीतून पुरी व वांग्याची भाजी वाढली जाते. पुऱ्या लाटणे, भाजी चिरणे, वाढणे, पत्रावळी उचलणे ही सगळी कामे पंचक्रोशीतले स्वयंसेवक करतात. ज्या देशात कोणाला कोणाच्या पंगतीला बसवायचे हे जातीवरून ठरत आले, तिथे एका रांगेत जेवायला बसणे ही साधी गोष्ट नाही.

पण आमच्या मनात एक प्रश्न येतो. उत्सवाच्या पंगतीत शेजारी बसलेली माणसे गावी परतल्यावरही तशीच शेजारी बसतात का? पाणवठ्यावर, मंदिराच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, स्मशानभूमीत? वर्षातून एक दिवस दिसणारा समभाव उरलेले ३६४ दिवस टिकवण्याचे काम जो करतो, तो खरा शांतीचा स्वयंसेवक. सन्मान त्याचा व्हायला हवा.

महाडची परिषद कोणी उभी केली?

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण ही परिषद व्हावी म्हणून धडपडणारे, गावोगाव फिरून माणसे जमवणारे विशीतले रामचंद्र बाबाजी मोरे किती जणांना ठाऊक आहेत? अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण समाजातले सहकारीही त्या कामात उभे होते.

पाणी प्यायल्यानंतर अफवा उठली आणि जमावाने परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले केले. मार खाल्लेले लोक चिडले होते, संख्येनेही कमी नव्हते. तरी बाबासाहेबांनी त्यांना शांत राहायला सांगितले आणि ते राहिले. काहींना महाडमधल्या मुस्लिम घरांनी आसरा दिला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. संयम पाळणारे, दार उघडणारे, जागा देणारे हे सगळे शांतीचे स्वयंसेवकच होते. मात्र त्यांनी पाण्यावरचा हक्क सोडून शांतता विकत घेतली नाही, हे विसरू नये.

शांतता आणि गप्प बसवणे यांत फरक आहे

हा मुद्दा आजही तितकाच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडायची, कायद्याने मिटवता येतात असे वाद सामोपचाराने मिटवायचे आणि चांगले काम करणाऱ्या गावाला शासनाने पुरस्कार द्यायचा, अशी ही योजना. बांधाचे, वाटणीचे, भाऊबंदकीचे वाद कोर्टाची पायरी न चढता मिटले तर गरिबाचा पैसा आणि आयुष्याची वर्षे वाचतात. या हेतूचे आम्ही स्वागतच करतो.

पण पुरस्कार 'तंटा नाही' याला मिळू लागला, की तक्रार करणारा माणूसच गावाला तंटेखोर वाटू लागण्याचा धोका असतो. जातीय अत्याचार हा दोन शेजाऱ्यांचा तंटा नव्हे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खालचा गुन्हा चावडीवर बसून मिटवायचा नसतो. तिथे पोलीस आणि न्यायालयाचेच काम आहे. वाळीत टाकण्याविरुद्धही महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पीडिताला 'गावाच्या इभ्रतीसाठी' तक्रार मागे घ्यायला लावणाऱ्याला शांतिदूत म्हणून हार घालणे हा सन्मान नाही, पीडिताचा दुसरा अपमान आहे. पीडितासोबत पोलीस ठाण्यात जाणारा आणि त्याच वेळी गावात दंगल होऊ न देणारा, असा माणूस आपण शोधला पाहिजे.

कोणाला निवडायचे? तथागतांची चार मापे

यासाठी निकष बाहेरून आणायची गरज नाही. माणसे जोडण्याची चार साधने धम्मात सांगितली आहेत. त्यांना संग्रहवस्तू म्हणतात.

१. दान – पैसा असेलच असे नाही. वेळ, श्रम, रक्त, जागा देणे हेही दानच.

२. प्रियवचन – चिडलेल्या दोन गटांत जाऊन आग न लावता बोलणे. आजच्या काळात खोटा संदेश पुढे न पाठवणे हेही यात येते.

३. अर्थचर्या – समोरच्याच्या खऱ्या हिताचे काम करणे : दाखला काढून देणे, मुलीची शाळा सुटू न देणे, दारू सोडवणे.

४. समानता – सर्वांशी सारखे वागणे, सुखदुःखात बरोबरीने राहणे.

ही मापे लावली तर निवड आपोआप बदलेल. नेहमी व्यासपीठावर बसणारे मागे पडतील आणि जयंतीला चुलीपुढे बसणाऱ्या माउल्या, विहार झाडणारा म्हातारा, आशाताई, सफाई कामगार, दोन्ही मोहल्ल्यांत ऊठबस असलेला शिक्षक पुढे येतील. निवड नेत्याच्या घरी न करता बौद्धवाड्यासह सर्व वस्त्यांना विचारून करावी. निवड समितीत निम्म्या महिला असाव्यात.

सन्मान कसा करावा? शाल-श्रीफळ कपाटात जाते. त्याऐवजी त्या व्यक्तीने काय केले हे चार वाक्यांत लिहून ग्रामसभेत वाचावे, विहारात आणि शाळेत लावावे. कामासाठी लागणारी वस्तू द्यावी : पुस्तके, सायकल, प्रवासखर्च. आणि मुख्य म्हणजे, उद्या त्याच कामामुळे त्याच्यावर संकट आले तर सत्कार करणाऱ्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. स्वयंसेवकाला हाराइतकीच या आधाराची गरज असते.

हत्थकाची गोष्ट

आळवीचा हत्थक हा उपासक याच चार साधनांनी लोकांना एकत्र ठेवत असे. तथागतांनी भिक्खूंसमोर त्याचे सात गुण सांगितले. एका भिक्खूने ते त्याला जाऊन कळवले, तेव्हा हत्थकाने आधी विचारले, तिथे कोणी गृहस्थ तर ऐकायला नव्हता ना? हे समजल्यावर तथागतांनी त्याचा आठवा गुण सांगितला : त्याला मोठेपणाची हाव नाही.

असा माणूस अर्ज करत नाही, शिफारस मागत नाही. म्हणून त्याला शोधणे ही आपली जबाबदारी आहे. येत्या ५ डिसेंबरला, चैत्यभूमीकडे निघण्याआधी, प्रत्येक विहाराने आपल्या गावातला एक हत्थक शोधावा, एवढेच आमचे आवाहन. कदाचित ती आपल्याच शेजारी राहणारी एखादी बाई असेल.

जय भीम! नमो बुद्धाय!