निजलेला मारुती आणि बिथरलेली मने

सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख संत्र्यांचा, कापसाचा आणि मराठी बोलीचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो नागपूरपासून राज्याने तुटला. घरातली भाषा मात्र नागपूरकडचीच राहिली. या सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली मारुतीचे स्थान आहे. मारुती म्हणजे उभा, नाहीतर उड्डाणाच्या पवित्र्यात. येथे तो चक्क आडवा पहुडलेला! त्याच्या नाभीतले पाणी तीर्थ म्हणून मिळते आणि त्या तीर्थासाठी दूरदूरच्या गावांतून मन बिथरलेली माणसे आणली जातात. आरतीच्या गजरात कोणी घुमू लागते, कोणी हंबरडा फोडते.

शहाणा प्रवासी हे पाहून नाक मुरडतो. तेवढी घाई करू नये. सासुरवाशिणीला घरात ‘माझा जीव घाबरा होतो’ एवढे म्हणायची तरी सोय कितीशी असते? छाती धडधडते, हातपाय गार पडतात, श्वास पुरत नाही. आणि ती चुलीपुढे भाकऱ्या थापीतच राहते. तिच्या अंगात आले की मात्र सारे घर हात जोडून ऐकते. सून म्हणून जे बोलता येत नाही, ते देवी म्हणून बोलता येते. मग चार माणसे जवळ बसतात, पाणी देतात, घरच्या जाचातून दोन दिवस सुटका होते. यातच पुष्कळ उतार पडतो. भयाची लाट शरीरात फार वेळ उंच राहत नाही. बहुधा अर्ध्याएक तासात ओसरते. सावकाश सोडलेला श्वास आणि ओळखीचा हात तिला ओसरायला मदत करतात.

पण सगळेच पूर असे उतरत नाहीत. मिरगी, उन्माद, स्किझोफ्रेनिया यांना तीर्थ पुरत नाही, आणि उपचाराविना गेलेली वर्षे परत येत नाहीत. तमिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. पुढे २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळी घालणे वर्ज्य केले. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात तर मुजावरांच्या शेजारीच डॉक्टर बसू लागले. दुवा मागा आणि दवाही घ्या, असा तो व्यवहार.

जामसावळीला हे अवघड का वाटावे? याच मुलखात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. पळवून नेलेल्या मुलीची ती जुनी कथा. पात्रात पळसाचे झाड, त्यावर झेंडा. मनाई झाली, रबरी चेंडू आले, गोटमार थांबली नाही. पण त्या दिवशी डॉक्टर, मलमपट्टी आणि रुग्णवाहिका तेथे सज्ज असतात. चंडीमातेचा भक्त फुटलेले डोके घेऊन खुशाल त्यांच्यापुढे बसतो. त्याच्या श्रद्धेला त्याने बाध येत नाही.

मारुतीच्या पिंपळाजवळही तसेच एका डॉक्टरचे टेबल असावे, आणि टेली-मानसचा १४४१६ हा रात्रंदिवस विनामूल्य चालणारा क्रमांक मराठीत लिहिलेली एक पाटी.