उत्तर आले, पण रीत तपासली का?



गणिताचा पेपर परत मिळाला की आपण सगळ्यात आधी उत्तरावर बरोबरची खूण आहे का ते पाहतो. बाई मात्र आधी रीत पाहतात. रीत चुकली आणि उत्तर तेवढे बरोबर आले, तर पूर्ण मार्क मिळत नाहीत. तीच रीत पुढच्या गणितात दगा देणार, हे बाईंना ठाऊक असते.

प्रयोगशाळेतल्या तपासणीचेही असेच आहे. समजा, एखाद्या शाळेने आपल्या बोरिंगचे पाणी तपासायला पाठवले. अहवाल आला : नायट्रेट, एका लिटरमध्ये ४३ मिलीग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (भारतीय मानक १०५००) मर्यादा ४५ ची. सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला आणि अहवाल फायलीत गेला. पण हा ४३ चा आकडा ज्या रीतीने काढला, ती रीत या कामाला योग्य आहे का, हे कोणी तपासले होते? या तपासणीला शास्त्रात ‘व्हॅलिडेशन’ म्हणतात. आपण तिला ‘पद्धतीची पारख’ म्हणू. सोनार सोने कसोटीवर घासतो. इथे कसोटीचीच परीक्षा घ्यायची असते.

आपल्याच गावातला धडा

हा विषय समजून घ्यायला उज्जैनकरांना लांब जायला नको. जयसिंगपुऱ्यात क्षिप्रेच्या काठी असलेल्या वेधशाळेत सहलीच्या निमित्ताने आपण बहुतेक सगळेच गेलो आहोत. माळव्याचे सुभेदार राहिलेले जयपूरचे महाराजा सवाई जयसिंह यांनी ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली. पुढे पडझड झालेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंदे यांनी १९२३ साली करवला, आणि कै. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिचे अधीक्षकपद सांभाळले.

जयसिंहांनी आपल्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे लिहिले आहे, ते आजच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावे असे आहे. त्यांनी आधी जुन्या ग्रंथांप्रमाणे पितळेची यंत्रे करवली. पण त्यांवरचे वेध त्यांना पटेनात. यंत्रे लहान, त्यामुळे कलांच्या बारीक खुणा त्यांवर मावत नसत. आस झिजून हलू लागे, केंद्र सरके, पातळी बिघडे. हे दोष ओळखून त्यांनी दगड-चुन्याची मोठी, न हलणारी यंत्रे बांधली.

पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. दिल्लीला घेतलेले वेध खरे की खोटे, याचा पडताळा पाहता यावा म्हणून त्यांनी तशीच यंत्रे जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही उभारली. आज एकाच पाण्याचे नमुने चार प्रयोगशाळांना पाठवून उत्तरे जुळतात का ते पाहतात, तोच हा विचार.

पुढे त्यांनी पोर्तुगालला माणसे पाठवून फ्रेंच ज्योतिषी दे ला हीर याची कोष्टके मागवली. युरोपातून आलेली म्हणून ती डोळे मिटून स्वीकारली नाहीत. प्रत्यक्ष वेधाशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक निघाला. अर्धा अंश म्हणजे आकाशात दिसणाऱ्या चंद्राच्या रुंदीएवढा.

वेधशाळेतले सम्राट यंत्र आणखी एक गोष्ट शिकवते. त्याची तिरकी भिंत उज्जैनच्या अक्षांशाएवढ्या, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कलांच्या कोनात आहे. यंत्रावर बारा वाजलेले दिसतात तेव्हा मनगटी घड्याळात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १२ वाजून ११ मिनिटे होतात, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४१ मिनिटे. मुले लगेच म्हणतात, ‘‘यंत्र चुकले!’’ पण चूक कोणाचीच नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. उज्जैन तिच्या पश्चिमेला, म्हणून सुमारे २७ मिनिटांचा कायमचा फरक. शिवाय सूर्याची चाल वर्षभर सारखी नसल्याने काही मिनिटे कमी-जास्त होतात. हा फरक मोजलेला आहे, म्हणून त्याची दुरुस्ती करता येते. घात होतो तो माहीत नसलेल्या फरकाने. तो हुडकून काढणे, हेच पारख करण्याचे काम.

प्रयोगशाळेत पारख कशी करतात?

आता आपल्या ४३ च्या आकड्याकडे येऊ. नायट्रेट मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत पाण्यातून २२० नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण सोडतात. नायट्रेट ते शोषून घेते. जितके नायट्रेट जास्त, तितके शोषण जास्त. या पद्धतीला निदान सहा प्रश्न विचारावे लागतात.

१. मोजायचे तेच मोजते का? पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची किंवा सांडपाण्याची सेंद्रिय द्रव्ये असली तर तीही हेच किरण शोषतात आणि नायट्रेटचा आकडा फुगतो. म्हणून दुसरे वाचन २७५ नॅनोमीटरवर घेतात. तिथे नायट्रेट शोषत नाही, सेंद्रिय द्रव्ये शोषतात. त्यावरून दुरुस्ती करतात. सेंद्रिय घाण फार असेल तर ही पद्धत सोडून दुसरी घ्यावी लागते.

२. उत्तर खऱ्याच्या किती जवळ येते? खरे उत्तर आधी कोणालाच माहीत नसते, मग हे कळणार कसे? युक्ती सोपी आहे. एका नमुन्यात २० मिलीग्रॅम निघाले. त्यात मुद्दाम मोजून आणखी २० घातले. आता ४० यायला हवेत. ३९ आले, तर घातलेल्या २० पैकी १९ परत मिळाले, म्हणजे ९५ टक्के. ३४ च आले, तर ३० टक्के माल वाटेत हरवला! पद्धतीत कुठेतरी गळती आहे.

३. पुन्हा पुन्हा केले तर तेच येते का? एका प्रयोगशाळेत पाच वाचने आली : ४३, ४४, ४२, ४३, ४३. दुसरीत आली : ३८, ४७, ४३, ४०, ४७. सरासरी दोन्हींची ४३ च! पण दुसऱ्या प्रयोगशाळेचे एकच वाचन हाती आले तर त्यावर किती विश्वास ठेवाल? म्हणून तोच माणूस पुन्हा करतो, मग दुसरा माणूस, दुसरा दिवस, दुसरे उपकरण अशी परीक्षा घेतात.

४. कुठपासून कुठपर्यंत चालते? ज्ञात प्रमाणाची द्रावणे मोजून आलेख काढतात. वरील पद्धतीत आलेखाची रेघ लिटरला साधारण ५० मिलीग्रॅम नायट्रेटपर्यंत सरळ जाते. पुढे ती वाकते. म्हणून ९० मिलीग्रॅमचे पाणी तसेच मोजले तर आकडा कमी दिसेल. ते आधी मोजून पातळ करावे लागते.

५. किती थोडे दिसते? पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम आहे. एखाद्या पद्धतीला ०.०५ च्या खालचे शिसे दिसतच नसेल, तर तिच्या अहवालातल्या ‘आढळले नाही’ या शब्दांना काय अर्थ? अंधारात दोरा शोधला, मिळाला नाही, म्हणून दोरा नाहीच असे होत नाही.

६. इथल्या परिस्थितीत टिकते का? नदीच्या पाण्यातली सेंद्रिय घाण मोजण्याच्या ‘बी.ओ.डी.’ चाचणीत पाणी युरोप-अमेरिकेच्या रीतीने २० अंश तापमानावर ५ दिवस ठेवतात. आपल्या उष्ण हवामानात २० अंश राखणे कठीण, म्हणून भारतीय मानकाने २७ अंशांवर ३ दिवस अशी रीत स्वीकारली. स्नानयोग्य नदीसाठी बी.ओ.डी.ची मर्यादा लिटरला ३ मिलीग्रॅम आहे. २०२८ च्या सिंहस्थात क्षिप्रेच्या पाण्याचे आकडे आपण रोज वाचू, तेव्हा ते कोणत्या रीतीने काढले हेही विचारायला हवे.

पारख चुकली की काय होते?

हा केवळ पुस्तकी काथ्याकूट नाही. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली नायट्रोजन मोजण्याची एक सुंदर पद्धत दिली. प्रथिनांत नायट्रोजन ठरावीक प्रमाणात असतो. म्हणून नायट्रोजन मोजायचा, त्याला एका ठरलेल्या संख्येने गुणायचे, की प्रथिने कळतात. धान्यासाठी, दुधासाठी ही पद्धत जगभर रूढ झाली. पण ती प्रथिने मोजत नाही, नायट्रोजन मोजते. चीनमध्ये भेसळ करणाऱ्यांनी नेमके हेच हेरले. पाणी घातलेल्या दुधात त्यांनी मेलामाइन मिसळले. या रसायनाच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो. चाचणीत दूध ‘उत्तम’ ठरले. २००८ साली हा प्रकार उघडकीस आला, तेव्हा सुमारे तीन लाख बालके आजारी पडली होती आणि सहा दगावली. केल्डाल यांच्या पद्धतीत खोट नव्हती. जे काम तिला जमत नव्हते, ते तिच्यावर सोपवले होते.

आपल्याकडचे दुःखही फार जुने नाही. औषधात वापरायचे ग्लिसरीन आणि विषारी डायइथिलीन ग्लायकॉल, दोन्ही रंगहीन, दाट, गोडसर. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असे दूषित ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्याची न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. तामिळनाडूच्या शासकीय प्रयोगशाळेत त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. हे दोन पदार्थ वेगवेगळे ओळखू शकणारी पद्धत उपलब्ध आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीने ते स्पष्ट वेगळे होतात. पण पारखलेली पद्धतही, औषध मुलाच्या ओठाला लागण्याआधी वापरली तरच उपयोगाची.

अहवाल हाती आला की

चाचणी प्रयोगशाळांसाठी ‘आय.एस.ओ. १७०२५’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. प्रयोगशाळेने स्वतः तयार केलेली किंवा बदललेली पद्धत असेल, तर तिची पूर्ण पारख करावी लागते. प्रमाणित पद्धत असली तरी ‘ती आमच्या हातून नीट होते’ एवढा पडताळा द्यावाच लागतो. आईची पुरणपोळीची कृती कितीही उत्तम असली तरी आपल्या शेगडीवर, आपल्या हाताने एकदा करून पाहावी लागते, तसेच. भारतात अशा प्रयोगशाळांना एन.ए.बी.एल. ही संस्था मान्यता देते. मात्र मान्यता ठरावीक चाचण्यांपुरती असते, म्हणून आपली चाचणी त्यात आहे का ते पाहावे.

पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनी अहवाल हाती घेतला की इतके तरी विचारावे : कोणती पद्धत वापरली? या चाचणीला मान्यता आहे का? ही पद्धत किती थोडे पाहू शकते? आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो? आणि एकक कोणते? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण काही अहवालांत नायट्रेट हे ‘नायट्रोजन’ म्हणून लिहितात. तिथे १०.५ वाचून आपण खूश होऊ. पण नायट्रेटच्या हिशेबात ते सुमारे ४६.५ होतात, म्हणजे मर्यादेच्या वर!

आता त्या ४३ चे काय? प्रयोगशाळा म्हणाली, ‘‘चार इकडे किंवा तिकडे,’’ तर खरा आकडा ३९ ते ४७ मध्ये कुठेही असू शकतो. मग ‘पास’ म्हणून फाईल बंद करणे बरोबर नाही. पुन्हा नमुना द्यावा, दुसऱ्या प्रयोगशाळेतही पाठवावा. आणि तोवर सहा महिन्यांखालील बाळाचे वरचे दूध त्या पाण्यात कालवू नये, कारण जास्त नायट्रेटने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व अंग निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते.

विद्यार्थी मित्रहो, प्रात्यक्षिकाच्या तासाला ब्युरेटचे तिसरे वाचन पहिल्या दोनांशी जुळले नाही, तर ते खोडून ‘जुळते’ लिहायचा मोह होतो. तसे करू नका. न जुळणारे वाचन वहीत तसेच ठेवा, आणि ते का जुळले नाही ते बाईंना विचारा. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी पितळेच्या यंत्रांवरचे वेध जुळत नाहीत हे जयसिंहांनी लपवले असते, तर क्षिप्रेकाठची ती वेधशाळा उभीच राहिली नसती.